सीकेंचा हरलेला सामना

स्मरणिका समितीने माझ्याकडे एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय मागितला. तू संगणकवाली, तेव्हा एखाद्या शास्त्रज्ञावर लिही, असे सुचवलेही. दोन दिवस मी तसा प्रयत्न केला, पण जमेना. डोळ्यांसमोर सारखे आपले मैदान येत होते. मैदानाच्या कडेचा कडुनिंब, त्याच्या पारावर पाय पसरून बसलेले आपले पी.टी.चे सर, आणि त्यांची ती एकच एक गोष्ट. आपल्या १९९६च्या बॅचमधल्या प्रत्येकाने ती निदान दहादा ऐकली असेल. म्हणून मी सी. के. नायडूंवरच लिहिते आहे. ज्यांना पाठ आहे त्यांनी पाने उलटावीत.

तुम्हाला आठवत असेल, मी संघात नव्हते. तेव्हा मुलींचा क्रिकेट संघ नव्हताच. गणित बरे म्हणून सरांनी मला स्कोअरबुक दिले आणि आठवीपासून दहावीपर्यंत मी ते सांभाळले. चंद्रपूरचा उन्हाळा, पत्र्याची खुर्ची, दोन रंगांची पेने. त्यामुळे सीकेंची गोष्ट तुम्ही खेळाडू म्हणून ऐकलीत आणि मी स्कोअरर म्हणून. दोन्हींत फरक पडतो.

कोट्टारी कनकैया नायडू ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मले. घर तेलुगू. आपल्याकडे यात नवल नाही. सिरोंच्यापासून राजुऱ्यापर्यंत अनेक जण घरी तेलुगू आणि बाजारात मराठी बोलतात. आपल्याच वर्गात अशी पाच-सहा मुले होती. नायडूंचे आजोबा नागपुरातले नामांकित वकील आणि जमीनदार, तर वडील केंब्रिजला शिकून आलेले. मुलगा हिस्लॉपच्या शाळेत शिकला आणि तिथेच क्रिकेटमध्ये चमकला. त्या काळी मोठे क्रिकेट म्हणजे मुंबईचे सामने, आणि तेही धर्मावर वाटलेले : हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन. १९१६ साली नागपूरचा हा उंच मुलगा हिंदूंच्या संघातून युरोपियनांविरुद्ध उतरला. संघ संकटात होता आणि हा खाली नवव्या क्रमांकावर खेळायला आला. पहिले काही चेंडू त्याने नुसते अडवले. पहिली धाव घेतली ती षटकाराने.

१९२३ साली इंदूरचे तुकोजीराव होळकर त्यांना आपल्याकडे घेऊन गेले. सैन्यात हुद्दा दिला आणि क्रिकेटसाठी मोकळीक दिली. पुढे ते कर्नल झाले आणि जन्मभर कर्नलच राहिले, मैदानावर तर फारच. नागपूरचा माणूस नागपूर सोडून गेला याचे सरांना थोडे दुःख होते. मी पुण्याला नोकरीला लागल्यावर ते मला सीकेंची आठवण देत, ती बहुधा याच अर्थाने.

१ डिसेंबर १९२६ रोजी जे झाले ते तर सर्वांना ठाऊक आहे. आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबईत जिमखान्यावर हिंदूंशी खेळत होता. सीकेंनी ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या आणि त्यात ११ षटकार होते. हे आजच्या टी-ट्वेंटीच्या हिशेबाने वाचू नका. तेव्हा बॅट जड असे, हेल्मेट नव्हते आणि समोर इंग्लंडचे कसोटी गोलंदाज होते. लोक कचेऱ्या सोडून आले, झाडांवर आणि गच्च्यांवर चढून बसले. पाहुण्यांनी त्यांना चांदीची बॅट भेट दिली. हिंदुस्थानी खेळाडू कसोटी खेळू शकतात हे इंग्रजांना त्या दौऱ्यात पटले आणि दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, आपले क्रिकेट नियामक मंडळ उभे राहिले.

पहिली कसोटी २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर झाली. दौऱ्याचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज, कारण कर्णधार राजा असला पाहिजे असा तेव्हाचा दंडक होता. पण आपल्याला किती खेळता येते हे महाराजांना नीट कळत होते. ते प्रत्यक्ष कसोटीतून बाजूला झाले आणि नागपूरच्या सीकेंकडे भारताचे पहिले कर्णधारपद आले. मला या गोष्टीत महाराजांचेही कौतुक वाटते. आपल्याला जमत नाही हे कळून खुर्ची सोडणारी माणसे नोकरीत मला फार थोडी भेटली. सामना आपण हरलो, पण पहिल्या डावात भारताच्या सर्वाधिक ४० धावा सीकेंच्या होत्या आणि त्या दुखावलेल्या हाताने काढलेल्या होत्या. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. एजबॅस्टनला मारलेला त्यांचा एक षटकार मैदानालगतच्या नदीपलीकडे गेला. ती नदी म्हणजे दोन परगण्यांची सीमा, म्हणून चेंडू एका परगण्यातून दुसऱ्यात गेला असे अजून सांगतात. सर हे सांगताना हात इरई नदीच्या दिशेने करत.

त्यांच्या वाट्याला कसोट्या मात्र फक्त सात आल्या. त्यांपैकी चारांत ते कर्णधार होते. १९३६च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले आणि संघात उघड दोन तट पडले. सीकेंसारख्या शिस्तीच्या आणि फटकळ माणसाला तो दौरा कसा गेला असेल याची कल्पना करावी. ते सोपे गृहस्थ नव्हते. मान ताठ, रागही ताठ. ते हाताखालच्यांचे चांगलेच कान उपटत, आणि वरच्यांपुढे वाकणे त्यांना जमत नसे. त्यांचे काही सहकारी त्यांच्यावर रुष्ट असत आणि ते मला समजू शकते. पण त्याच दौऱ्यातल्या शेवटच्या कसोटीत, ओव्हलवर, गबी ॲलनचा चेंडू अंगावर बसून ते कळवळले, तरी मैदान सोडले नाही आणि ८१ धावा काढल्या. ती त्यांची शेवटची कसोटी ठरली, आणि कसोटीतली सर्वोच्च धावसंख्याही तीच.

मग महायुद्ध आले. १९३६ नंतर भारत थेट १९४६ मध्ये कसोटी खेळला. दहा वर्षे कोरडी गेली. विजय मर्चंट, विजय हजारे, मुश्ताक अली यांच्या ऐन बहराचा काळ तो. सीके तर चाळिशी ओलांडून गेलेले. त्या वर्षांत आपल्याकडे मोठे क्रिकेट म्हणजे रणजी करंडक आणि मुंबईची पंचरंगी स्पर्धा, एवढेच. सीकेंनी १९४१ साली एका लिव्हर टॉनिकची जाहिरात केली, तीसुद्धा याच काळातली. जाहिरातीत दिसणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू समजले जातात. आजच्या खेळाडूंना नावे ठेवताना हे ध्यानात असू द्यावे.

त्या वर्षांत आपल्या भागात काय चालले होते तेही आठवू या. १६ ऑगस्ट १९४२ला चिमूर पेटले. त्यानंतरचे अत्याचार, धरपकड, भन्साळींचा ६३ दिवसांचा उपवास हे सगळे आपण इतिहासाच्या तासाला शिकलो आणि काहींनी घरीही ऐकले. मी ज्या सामन्याबद्दल आता सांगणार आहे तो झाला तेव्हा चिमूरचे कैदी अजून तुरुंगात होते. बंगालच्या दुष्काळाला दोन वर्षेही झाली नव्हती. मुंबईच्या गोदीतला प्रचंड स्फोट आदल्याच वर्षी, १४ एप्रिल १९४४ला, झाला होता. अशा दिवसांत माणसे क्रिकेट खेळत होती आणि हजारोंनी बघत होती. हे चूक की बरोबर, यावर सर आणि आपल्या इतिहासाच्या बाई यांचा स्टाफरूममध्ये वाद होत असे. मी कधी बाईंच्या बाजूची असे, कधी सरांच्या. अजूनही तसेच आहे.

होळकर संघ रणजीत १९४१-४२ पासून उतरू लागला. नावे वाचा : मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, कमल भांडारकर, जगदाळे, गायकवाड, भाया आणि सीकेंचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू. निम्म्याहून अधिक संघ मराठी बोलणारा. कर्णधार सीके. मुश्ताक हा तर इंदूरचाच पोरगा. शाळकरी वयात सीकेंच्या नजरेला पडला आणि त्यांनीच त्याला घडवले. सराव पहाटे, वेळ म्हणजे वेळ, आणि लागले म्हणून मैदानाबाहेर जायचे नाही. राजाने गोळा केलेले हे लोक सीकेंनी संघ म्हणून बांधले.

१९४४-४५ चा मोसम. सीके ४९ वर्षांचे. होळकर पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचले. समोर मुंबई, मैदान ब्रेबॉर्न, महिना मार्च. मुंबईचा कर्णधार विजय मर्चंट. त्यांचा रूसी मोदी त्या मोसमात रणजीत १,००८ धावांपर्यंत गेला. एका मोसमात हजार धावा त्याच्याआधी कुणी केल्या नव्हत्या. होळकरांकडेही एक पाहुणा होता. इंदूरजवळ महूच्या छावणीत डेनिस कॉम्प्टन नावाचा इंग्रज सार्जंट होता. लंडनच्या आर्सेनल क्लबचा फुटबॉलपटू आणि इंग्लंडचा कसोटी फलंदाजही. युद्धाने त्याला इकडे आणून टाकले आणि सीकेंनी त्याला संघात घेतले. फुटबॉलवाले आपले मित्र इथे नेहमी टाळ्या वाजवत. क्रिकेटच्या गोष्टीत त्यांचा तेवढाच माणूस होता.

आता आकडे सांगते, कारण ही गोष्ट आकड्यांचीच आहे. मुंबईने ४६२ केल्या. होळकरांनी ३६०, त्यात मुश्ताकच्या १०९. मग मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावा केल्या. मर्चंट २७८, मोदी १५१. जवळजवळ आठवडाभर चाललेला सामना होता तो, निकाल लागेपर्यंत खेळायचा. उन्हात क्षेत्ररक्षण करणाऱ्यांचा विचार करा. त्याहून सी. एस. नायडूंचा करा. त्यांनी त्या सामन्यात १५२.५ षटके टाकली. एकूण ९१७ चेंडू. ४२८ धावा दिल्या आणि ११ बळी घेतले. एका प्रथम श्रेणी सामन्यात एकाच गोलंदाजाने टाकलेल्या चेंडूंचा हा जागतिक विक्रम आहे. कर्णधार थोरला भाऊ, त्याने चेंडू हातात दिला आणि धाकट्याने टाकला. मला धाकटा भाऊ आहे. ९१७ सोडा, नऊ वेळा सांगितलेले काम तो करत नाही.

जिंकायला ८६७ हव्या होत्या. असे लक्ष्य कुणीही सोडून दिले असते. सीकेंचा संघ खेळत राहिला. मुश्ताकने पुन्हा शतक मारले, १३९. कॉम्प्टन एका टोकाला उभा राहिला तो राहिलाच, नाबाद २४९. एका व्यापाऱ्याने म्हणे त्याला शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेला पन्नास रुपये देण्याचे कबूल केले होते. सामना संपल्यावर कॉम्प्टन त्याला शोधू लागला तर शेटजी तातडीच्या कामाने कलकत्त्याला गेलेले. ही गोष्ट कॉम्प्टन पुढे रंगवून सांगत असे. होळकरांचा डाव ४९२ वर संपला. मुंबई ३७४ धावांनी जिंकली. चारही डावांची बेरीज २,०७८ होते. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात तोवर याहून जास्त धावा झालेल्या नव्हत्या.

ही बेरीज मी आठवीत, पारावर बसून, सरांच्या तोंडून आकडे ऐकताना वहीत केली होती आणि ती जुळली होती. तेव्हापासून माझे डोके एकाच गोष्टीत अडकले : तो स्कोअर लिहिणारा माणूस. जवळजवळ आठवडाभर बसून, दोन हजारांवर धावा, प्रत्येक चेंडू, आणि शेवटी सगळे रकाने एकमेकांशी जुळले.

आता एक गोष्ट सांगते. तीस वर्षे कुणाला सांगितली नव्हती. नववीत असताना आपण आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना दोन धावांनी हरलो, आठवतो? त्यांच्या १२०, आपल्या ११८. आपले गोलंदाज रडले होते. त्या दिवशी समोरच्या संघाचा स्कोअरर आलाच नव्हता, वही माझी एकटीचीच. संध्याकाळी घरी मी फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज केली. ती १२२ आली. चालू धावसंख्येच्या चौकटीत मी एक चौकार खोडायला विसरले होते, नाहीतर फलंदाजाच्या नावापुढे एक चौकार जास्त लिहिला होता. दोन्हींपैकी काय, ते गोलंदाजीच्या रकान्यावरून कळले असते. पण शेवटच्या षटकांच्या गडबडीत मी तो अर्धाच भरला होता. आज माझ्या संघातल्या मुलाने असे अर्धवट लॉग ठेवले तर मी त्याला रात्री थांबवून ठेवीन.

मी वही तशीच सरांना दिली. काही बोलले नाही. सोमवारी वही परत आली तेव्हा त्या १२२ खाली पेन्सिलीने एक बारीक रेघ होती. सर एक शब्द बोलले नाहीत, आणि स्कोअरबुकही माझ्याकडून काढून घेतले नाही. त्या आठवड्यात त्यांनी पारावर पुन्हा तीच गोष्ट सांगितली, पण या वेळी त्यात पुढचे वर्षही होते. ते आधी त्यांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते.

पुढचे वर्ष असे. मार्च १९४६, रणजीचा अंतिम सामना, या वेळी इंदूरला. समोर हजारेंची बडोदा. युद्ध संपलेले, कॉम्प्टन मायदेशी परतलेला. सीकेंची पन्नाशी उलटलेली. त्यांनी २०० धावा काढल्या. त्यांच्या उभ्या कारकिर्दीतली ती सर्वोच्च खेळी. होळकर ५६ धावांनी जिंकले आणि करंडक इंदूरला राहिला. त्यानंतरच्या वर्षांत हा संघ अंतिम फेरीचे घरच करून बसला : अकरा मोसमांत दहा वेळा अंतिम सामना आणि चार वेळा विजेतेपद.

आपण पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत हरलो, हे सांगितले पाहिजे. ४१ धावांत सर्व बाद. त्या सामन्याचे सगळे रकाने जुळतात.

सीके त्यानंतरही खेळत राहिले. दत्तू फडकरांचा एक चेंडू तोंडावर बसून दात पडला, तेव्हा त्यांनी खेळपट्टीवरून तो बाजूला केला आणि पुन्हा पवित्रा घेतला. वय पन्नाशीच्या पुढे. फडकरांनी त्यानंतर चेंडू हळू टाकला म्हणून ते त्यांच्यावरच चिडले असे म्हणतात, आणि स्वभाव पाहता ते खरे वाटते. १९५६ साली पद्मभूषण मिळाले. १९५६-५७ मध्ये, एकसष्ट वर्षांचे असताना, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. त्या वयात माणसे आपल्याकडे ताडोब्याला गेली तरी जिप्सीत चढायला हात मागतात. १४ नोव्हेंबर १९६७ला इंदूरला त्यांचे निधन झाले. आज मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाचा आहे आणि तरुणांची स्पर्धाही.

त्यांची एक मुलगी चंद्रा. इंदूरला इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. सत्तरच्या दशकात त्या क्रिकेटचे समालोचन करायला बसल्या आणि असे करणाऱ्या भारतातल्या पहिल्या बाई ठरल्या. वडिलांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. हे मला सरांनी सांगितले नव्हते, ते मी नोकरीला लागल्यावर वाचले आणि सरांना फोन करून सांगितले. ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की ते स्कोअरबुक अजून माझ्याजवळ आहे का. होते. दहावीनंतर मी ते परत केलेच नव्हते. सर आता नाहीत, त्यामुळे हा कबुलीजबाब तुमच्यापुढे.

मेळाव्याच्या दिवशी ते बुक मी सोबत आणते आहे. कव्हर निघाले आहे, पण पाने शाबूत आहेत. नववीच्या त्या सामन्याच्या पानावर आपल्या फलंदाजांच्या नावांपुढे एकूण नऊ चौकार लिहिलेले आहेत. त्या दिवशी जे खेळले त्यांनी जेवणाआधी पाच मिनिटे माझ्याकडे यावे आणि आपापले चौकार आठवून सांगावेत. आठ भरतात की नऊ, ते मला पाहायचे आहे.